रिकामा थर

गावपळणीचा दुसरा दिवस कलायला लागला, तरी आंबेरण्याची गुरं काही केल्या सड्याच्या उघड्या माळावर रमेनात. खुंट्याला हिसडे देत होती, माना वळवून व्हाळाच्या पाण्यापलीकडच्या रिकाम्या गावाकडे बघत होती. डालग्यांखालच्या कोंबड्यांची कुरकुर थांबत नव्हती. कुत्री व्हाळापर्यंत धावत जात, काठाशी कुणी दटावल्यासारखी थबकत आणि शेपूट पाडून परत येत. माणसं तेवढी शहाण्यासारखी बसली होती. विनया परबला मात्र बसवत नव्हतं. झोपडीत गेली की बाहेर यावंसं वाटे, आणि बाहेर आली की आत काहीतरी राहिल्यासारखं. उद्या संध्याकाळी तिचं कीर्तन होतं, आख्यान ठरत नव्हतं. त्यात पुण्याहून लेकाचा फोन आला होता, 'येतोय, बोलायचंय.' फोनवर सांगता येत नाही असं काय ते बोलणं, या विचारानं तिचे पाय भाजत होते.

आंबेरण्याची रीत अशी, की तीन-चार वर्षांतून एकदा रवळनाथ कौल देतो आणि सगळं गाव घरदार टाकून वेशीबाहेर पडतं. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, गुरं, मांजरं, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचा शब्द उमटत नाही. तेवढे तीन दिवस गाव देवाचं. चौथ्या सकाळी गावकार मानकऱ्यांना घेऊन देवळात जातो, पाषाणाला फुलांचे कळे लावतो आणि विचारतो, 'देवा, येऊ काय?' उजवा कळा पडला की गाव परततं. खाडीनं खालची शेतं गिळली, मुंबईची बस चालकावाचून यायला लागली, पण ही रीत कुणी मोडली नव्हती. आणि तिसऱ्या संध्याकाळी सड्यावर विनयानं कीर्तनाला उभं राहायचं, हेही तिच्या लग्नापासून चालत आलेलं.

निहार आला तो गाडी रस्त्यावरच सोडून, धापा टाकत.

"जेवलंस?" तिनं विचारलं.

"वाटेत खाल्लंय. आये, तू बस बघू जरा."

"माका बसूक येणा नाय ता सकाळपासून सगळो गाव बघता. बोल काय ता."

दोघं सड्याच्या कडेला गेली. निहार जुन्या काळच्या हवामानाचा अभ्यास करायचा, आणि त्याच्या संस्थेत गेल्या दोन वर्षांत एक यंत्र आलं होतं. थरवाचक. गुहेच्या जमिनीतून बोटाएवढी मातीची कांडी काढायची आणि यंत्रात ठेवायची. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजतं, मेण हजारो वर्षं टिकतं, आणि त्या मेणात त्या काळच्या पावसाची खूण राहते. त्याच मातीत माणसाची लाळ, कातडीचा कोंडा, लेकरांची घाण, यांतून उरलेले जनुकांचे धागेही असतात. पूर्वी त्यावरून फार तर अमक्या शतकात इथं माणसं राहत होती एवढं सांगता येई. थरवाचक ऋतू सांगत होता. या पावसाळ्यात होती, पुढच्या उन्हाळ्यात नव्हती.

हवामान फिरलं की माणूस हलतो, हे तर जुनंच ज्ञान. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्या डुलण्यानं पावसाचे पट्टे सरकतात. आफ्रिकेतलं वाळवंट कधी हिरवं झालं, कधी पुन्हा करपलं, आणि हिरवी वाट उघडली तेव्हा माणसांच्या टोळ्या तिच्यावरून बाहेर पडल्या. हिमयुगात जगाचं पाणी बर्फात अडकलं होतं, तेव्हा कोकणचा किनारा कितीतरी कोस पश्चिमेला होता. बर्फ वितळला आणि समुद्र वर चढत आला. बुडालेल्या त्या किनाऱ्यावरची माणसं मागे सरकत इथल्या गुहांशी आली. पण त्यांतलं कोण वाचलं आणि का वाचलं, ते कुणाला माहीत नव्हतं. निहारनं दोन गुहांची माती वाचली होती. एक खाडीच्या तोंडावरची, दुसरी आंबेरण्याच्या कड्यातली.

"खाडीवरची माणसां कधी हललीच नाय," तो सांगत होता. "पिढ्यान्‌पिढ्या थर भरलेलो. मगे झऱ्यात समुद्राचा पाणी शिराक लागला. मातीत मिठावर जगणारे जंतू दिसतत. त्याच्या मागसून..."

"काय?"

"आधी पोरांच्यो खुणो जातत, आये. मगे बायकांच्यो. शेवटाक एक-दोन माणसां. मगे कोण नाय. तेंचा रक्त पुढे खंयच गावला नाय."

मागं कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

"आणि आमच्या कड्यातली?"

"तेंच्या मातीत मधी मधी रिकामो थर असा. पाऊस बरो, झरो गोडो, खावक भरपूर. तरी अख्खो उन्हाळो थंय माणूस नाय. परत इले. काय वर्षांनी परत गेले. म्हातारे, पोरां, सगळी एकदम. आणि झरो बिघडाक लागलो तेव्हा ते एकाच ऋतूत निघाले. घाटातल्या मातीत माका तेंचे धागे गावले. आज थंय ऱ्हवणाऱ्या माणसांतसुद्धा आसत."

विनयानं वळून सड्यावरच्या झोपड्यांकडे पाहिलं. "म्हणजे गावपळण?"

"तीन दिवस मातीत दिसणत नाय, उन्हाळो दिसता. माझ्याय मनात ताच इला. पण पुरावो नाय, म्हणान मी खंय लिवक नाय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "खरा सांगूचा ता वेगळाच असा. पावसाआधी मी गावातल्या बावींचो गाळ नेललंय. मिठावर जगणारे तेच जंतू, आये. सगळ्या विहिरींत. आपली वरची बाव तेवढी सुटली. तीय चार-पाच पावसांची धनी."

"खोटा. बावी खाऱ्या झाल्यो असत्यो तर कोण तरी बोललो असतो. हंय नवऱ्यान ढेकर दिल्यान तरी शेजारणीक कळता."

"कोण बोलना नाय कित्या ता माका ठावक नाय. मशीन माणसांच्या मनातला वाचणा नाय." तो तिच्या समोर येऊन उभा राहिला. घाटाच्या पायथ्याशी किनाऱ्यावरच्या गावांसाठी सरकारनं जमीन राखली होती. एकेक घर गेलं तर चार दिशांना तुकडे मिळणार. सबंध गाव आलं तर सबंध जागा, देवळासकट. "घरात शिरलेलो माणूस परत उठना नाय. आज गाव बाहेर असा, सगळो एकत्र, कोंबड्यांसकट. उद्या कीर्तनात तू सांग, परत फिरू नकात."

"मी?" विनयाचा आवाज चढला. "नारदाच्या गादीवर उभी ऱ्हवान देवाचो निवाडो मी सांगू? विचारूचो गावकारान, देवचो देवान. मी नाम घेतंय बाबा. निवाडे करणंय नाय."

"पोरांच्यो खुणो आधी जातत," तो एवढंच म्हणाला.

ती ताडकन वळून चालायला लागली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं.

गावात प्रत्येकाला भिंती असतात, सड्यावर कुणाला नसतात. तीन दगडांच्या चुली ओळीनं मांडलेल्या, आणि कोण काय शिजवतंय ते सगळ्यांना दिसतं. सत्यवतीच्या झोपडीशी विनया टेकली. सत्यवती तिची वयानं मोठी शेजारीण, हिशेबी आणि तोंडाची फटकळ. तिची सून रसिका पेजेचं भांडं उतरवत होती. मघापासून मनात चाललेलं विसरावं म्हणून विनयानं मिठाची बरणी ओढली. "मीठ ऱ्हवला गो," म्हणून चिमूट घेऊन ती पेजेवर हात नेणार, तोच सत्यवतीनं तिचं मनगट धरलं.

"नको. आसा तेच्यात."

"खंय आसा? मी बघतंय मगासपासून."

रसिकानं मान खाली घातली. विनयानं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग त्यांच्या घरून आणलेल्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायली. तोंड वाकडं होऊ नये म्हणून तिला जीभ टाळूला दाबावी लागली.

"कधीपासून?"

"हळू बोल," सत्यवती कुजबुजली. "माझ्या धाकट्या झिलाक, प्रवीणाक सांगान इली हा, मालवणसून. खाऱ्या बावीच्या घरात चेडू कोण देतलो? पुसतंय तुका. फक्त आमचीच झाली हा गो. बाकी सगळ्यांची बरी आसा. तोंड उघडू नको, माझ्या गळ्याची शपथ."

"पावण्यांका काय देतास?"

"कोकमाचा सरबत. साखर घातली की कळणा नाय."

विनया आठवायला लागली. या गावात तिला साधं पाणी कुणी आणि कधी दिलं होतं? ज्या घरी जावं तिथं सरबत. गेल्या वर्षी देवळात तिनं कीर्तनात कौतुकही केलं होतं, 'आमच्या गावात पाणी मागितलं तर सरबत मिळतं, असा हा मायेचा गाव.' बायका तेव्हा खाली बघून हसल्या होत्या. तिला वाटलं होतं, लाजल्या.

ती चुलींच्या ओळीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मिठाची बरणी फारच थोड्या चुलींपाशी होती. प्रत्येक घरानं आपली विहीर झाकली होती, आणि प्रत्येक घराला वाटत होतं, बुडालो ते आपणच एकटे.

आबा गावकार, तिचे मोठे दीर, माडाची चुडतं विणत बसले होते. देवासमोर गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. ती समोर उभी राहिली तशी त्यांनी सुनेला हाक मारली, "काकीक सरबत हाड."

"पाणी दिलात तर पिवतंय, भावजी."

"नुसत्या पाण्यान खंय तहान भागता? सरबत घे."

तिनं पेला हातात घेतला, ओठाला लावला नाही. "देवाक यंदा दुसरा काय विचारशात?"

आबांचे हात थांबले नाहीत. "विचारूचा ता पणज्यापासून ठरलेला असा. 'येव काय' म्हणान विचारतत. देव 'येवा' म्हणता."

"आणि बावी?"

आता हात थांबले. "तुझी बाव गोडी असा मा? मगे तुका कसली तहान लागली?" थोडं थांबून ते म्हणाले, "झील गाडयेतसून उतारलो तेव्हाच माका कळला. तेच्या मशीनाक देव दिसणा नाय, आणि तुका झिलापुढे काय दिसणा नाय. विनया, गादयेवरसून 'फिरू नकात' असा शब्द काढलंस तर देवळात परत उभी ऱ्हवची नाय. आज माझो भाव जितो असतो तरी मी ह्याच सांगलंय असता."

ते रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते घाबरून बोलत होते. तिनं पेला तसाच खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना सड्यावर सतरंज्या पडल्या. पेटी लागली, तबला जुळला, विनयानं पदर खोचून झांज घेतली. सगळं गाव पुढं बसलेलं, निहार कडेला उभा. पूर्वरंगात तिनं नामाचा महिमा लावला, पण सूर कुठं टेकेना. एका पदातून दुसऱ्या पदात ती नुसती पळत होती. पेटीवाल्यानं दोनदा चमकून वर बघितलं. मग तिनं आख्यान धरलं, मथुरेचं. मथुरेवर शत्रू पुन्हा पुन्हा चालून येतो आणि कृष्ण एक दिवस ठरवतो, आता हे गाव सोडायचं. जन्मगाव. जिथं कंस मारला ते गाव.

"लोक त्याला पळपुटा म्हणाले," ती म्हणाली. "रणछोड म्हणाले. आणि आपला देव केवढा प्रेमळ बघा, ते नाव त्यानं अंगाला लावून घेतलं. आजही त्या नावानं त्याची पूजा होते."

इथं रीतीप्रमाणे मध्यंतर. बुक्का लावायचा, हार घालायचा, बुवांना काहीतरी प्यायला द्यायचं. आबांची सून सरबताचा तांब्या घेऊन उठली. विनयानं हात जोडले.

"आज सरबत नको. आज मला आपल्या गावचं पाणी प्यायचं आहे. प्रत्येकानं घरून आणलं आहेच. एकेका झोपडीतून एकेक घोट द्या. साखर न घालता."

कुणी हललं नाही. सड्यावरचा वारा तेवढा सतरंज्यांची टोकं उलटवत होता. मागून कुणी पुरुष म्हणाला, "बाय, आवाज बसात हां." थोडं हसू फुटलं आणि विझलं.

मग सत्यवती बसल्या जागेवरून बोलली. "तुझी बाव गोडी. तुका काय जाता? चारचौघांत आमचा हसा करतंस?"

"हसा करूक नाय गे वयनी." विनया कीर्तनाची भाषा विसरली होती. "माझी गोडी असा म्हणानच मागतंय. माझ्या कळशीतला तुमी पिया. तुमच्यातला माका देवा. माझी घागर एकटी गोडी ऱ्हवान माका काय करूचा आसा? उद्या शेजार नसलो तर गोड्या पाण्यात काय मी दिवे सोडू?"

रसिका उठली. सासूनं पदर धरला, तो तिनं हलकेच सोडवला. भांडं भरून आणलं आणि विनयाच्या हातात दिलं. विनयानं सगळं पाणी घोटाघोटानं, सावकाश संपवलं. 'नारायण' म्हटलं आणि हात पुढं केला. "कोण?"

दुसरी उठली. मग एक म्हातारा. मग आडवाटेनं दोघी एकदम, एकमेकींकडे न बघता. प्रत्येक भांड्याला विनया 'नारायण' म्हणत होती आणि पीत होती. माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, मग एकमेकांच्या भांड्यांकडे. कुणीतरी शेजारच्या तांब्यात बोट बुडवून चाखलं. "तुमचीय?" "मगे तुमची नाय?" हा प्रश्न सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला, आणि त्याच्या मागून एक विचित्र आवाज आला. बायका रडत होत्या आणि हसतही होत्या. इतकी वर्षं एकमेकींना पाजलेलं सरबत त्यांना आता आठवत होतं.

शेवटी आबा गावकार उठले. स्वतःच्या हातानं तांब्या घेऊन पुढं आले.

"घे," ते म्हणाले. "साखर नाय घातलेली."

तिनं तो घेतला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ती प्यायली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

पुढचं आख्यान गाता आलं नाही. मिठानं घसा चिरल्यासारखा झाला होता. ती बोलतच राहिली, फुटक्या आवाजात, आणि पेटी तिला सांभाळत राहिली. 'परत फिरू नका' असं ती म्हणाली नाही. "कृष्णानं मथुरेच्या लोकांना 'तुम्ही जा' असं सांगितलं नाही," एवढं म्हणाली. "तो त्यांच्याबरोबर गेला." आणि गजर धरला.

आरती झाल्यावर माणसांनी निहारला घेरलं. त्यानं दोन गुहांची गोष्ट सांगितली, जमिनीची सांगितली. एक जण म्हणाला, "तुझ्या मशीनान आमका चिखलात बघितल्यान, आणि आमी इतकी वर्षां ताटात बघूक नाय." दुसरा म्हणाला, "माड हंयच ऱ्हवतले, तेंचा काय?" निहारनं मान हलवली. "नाय, माका म्हायत नाय," म्हणाला, आणि त्या एका वाक्यानं लोक त्याच्या आणखी जवळ सरकले.

चौथी सकाळ. आबा अंघोळ करून मानकऱ्यांसह व्हाळ ओलांडून गेले. गाव काठाशी उभं राहिलं. एरवी या वेळी बायका बोचकी बांधून तयार असत, पोरं पाण्यात पाय घालून 'पयलो मी' म्हणून भांडत. आज बोचकी अर्धी बांधलेली, अर्धी सुटलेली. सत्यवती एकदा गाठ मारत होती, एकदा सोडत होती. विनया काठानं येरझाऱ्या घालत होती. देव 'येवा' म्हणाला तर? देव म्हणेल ते तिला मान्य होतं, आजवर नेहमीच होतं. पण आज तिला ते 'येवा' नको होतं, आणि नको वाटतंय याचीच तिला भीती वाटत होती.

फार वेळ झाला. कौलाला इतका वेळ कधी लागत नसे.

"आये, काय झाला आसात?" निहारनं विचारलं.

"गप ऱ्हव."

आणि मग काजूच्या झाडांवरून काहीतरी हलताना दिसलं. आधी एक टोक, मग दुसरं. लाल लुगडं, हिरवं लुगडं. पोरांना कळेना, जाणत्या माणसांचे हात मात्र आपोआप जोडले गेले. देवाचे तरंग होते ते, लुगडी नेसवलेले उंच खांब, ज्यांत देव संचारतो असं गाव मानतं. दसऱ्याला ते देवळाबाहेर पडत, तेही वेशीच्या आतच. गावपळणीत तर कधीच नाही. ते व्हाळाच्या उतारावरून येत होते, मानकऱ्यांच्या खांद्यांवर, आणि पुढं आबा अनवाणी.

पाणी ओलांडून ते अलीकडे आले. विनयाच पुढं झाली.

"भावजी, काय विचारलात?"

आबांना धाप लागली होती. "'येव काय' ता तोंडातसून येय ना. 'जाव काय' ताय येय ना. उभो ऱ्हवलंय कितको वेळ. मगे म्हटलंय, देवा म्हाराजा, पोरांका घेवन आमका निघाक व्हया, पण तुका हंय खाऱ्या पाण्यात एकटो सोडून आमचो पाय उचलना नाय. तू आमच्यावांगडा येतलंस काय?"

"मगे?"

"माझा बोलणा पुरा होवक नाय गो." आबा लहान पोरासारखे रडत होते. "त्याच्या आधीच उजवो कळो पडलो."

आबांनी डोळे पुसले, गावाकडे तोंड करून हात वर केला आणि गाऱ्हाणं घातलं. आमची घरं, आमचे माड, आमच्या वाडवडलांची हाडं इथं आहेत, त्यांच्यावर नजर ठेव. पुढच्या वाटेवर लेकराबाळांना सांभाळ. सामान आणायला दिवसा येऊ, वस्तीला येणार नाही, राग धरू नको. प्रत्येक वाक्यामागून सगळं गाव एका आवाजात म्हणत होतं, "व्हय म्हाराजा!"

तरंग पूर्वेच्या रस्त्याकडे वळले. सत्यवतीनं बोचक्याची गाठ दातांनी ओढून पक्की केली आणि ते रसिकाच्या डोक्यावर दिलं. निहारनं सगळ्यांत जवळचं कोंबड्यांचं डालगं उचललं. गुरं सोडली, तशी ती सवयीनं व्हाळाकडे धावली. त्यांना वळवायला पुरुषांना बराच वेळ ओरडावं लागलं.